इंजिनातला कार्बन ॲडिटिव्हने काढायचाय? आधी तो कुठे बसलाय ते बघा

गाडीचं पिकअप पडलं, उभ्या उभ्या थरथरायला लागली, ॲव्हरेज घसरलं की कोणीतरी हमखास सांगतं, "अरे टाकीत एक बाटली ओत, कार्बन साफ होऊन जाईल." माणूस बाटली आणतो, ओततो, दोन दिवस त्याला गाडी हलकी वाटते, तिसऱ्या दिवशी परत येरे माझ्या मागल्या. मग तोच सगळीकडे सांगत सुटतो की ॲडिटिव्ह (इंधनात मिसळायचं हे केमिकल) म्हणजे नुसतं रंगीत पाणी, पैसे काढायचे धंदे. खरं सांगायचं तर चांगलं ॲडिटिव्ह काम करतं, पण जिथे पोचतं तिथेच करतं, आणि ते कुठे पोचणार हे तुमच्या इंजिनाच्या रचनेवर ठरतं, बाटलीवर काय छापलंय त्यावर नाही. हे एवढं डोक्यात बसलं की अर्ध्याहून जास्त गोंधळ मिटतो, म्हणून आधी तेच बघू, बाटली नंतर.

कार्बन येतो कुठून आणि बसतो कुठे

पेट्रोल असो की डिझेल, सिलिंडरमध्ये ते पूर्णच्या पूर्ण कधी जळत नाही. उरलेलं अर्धवट इंधन, त्यात क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागातून) परत इनटेकमध्ये (हवा आत जायच्या वाटेत) सोडलेली ऑइलची वाफ, वर ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडणारी यंत्रणा) असेल तर एक्झॉस्टमधली काजळी, हे सगळं गरम धातूवर बसतं आणि भाजत राहतं. सुरुवातीला थर पातळ, चिकट, वार्निशसारखा तपकिरी असतो, तेव्हा केमिकलने तो बऱ्यापैकी सुटतो. तसाच पडून राहिला की काळा, खडबडीत, कोळशासारखा कडक होतो आणि मग कुठल्याही बाटलीचं काम राहत नाही. ज्यांची गाडी रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होते त्यांना हा त्रास जास्त, कारण इंजिन धड गरमच होत नाही, थंड इंजिनाला इंधन जास्त द्यावं लागतं आणि काजळी जळून जायला जी उष्णता लागते ती कधी मिळतच नाही. रोज हायवेला पळणाऱ्या गाडीचं इंजिन त्या मानाने आतून बरंच स्वच्छ निघतं.

आता जागा. इंजेक्टरच्या तोंडावर बसला तर फवारा बिघडतो, धुक्यासारखं बारीक इंधन यायच्या ऐवजी धार किंवा थेंब येतात. इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला बसला तर हवेची वाट अडते, शिवाय तो थर पोकळ असल्याने इंधन शोषून घेतो, आणि सकाळी थंड इंजिनावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर अडखळते. पिस्टनच्या डोक्यावर आणि कंबश्चन चेंबरमध्ये बसला तर आतली जागा कमी होऊन कॉम्प्रेशन थोडं वाढतं, थर तापून लाल होतो आणि स्पार्कच्या आधीच इंधन पेटायला लागतं, चढावर गाडी टकटक आवाज करते. पिस्टनच्या रिंगांमध्ये बसला की रिंगा जाम होतात आणि ऑइल जळायला लागतं. थ्रॉटल बॉडीत (ॲक्सिलरेटरनुसार हवा आत सोडणाऱ्या झडपेत) बसला तर आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, वरखाली. ईजीआर आणि डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) हे डिझेलवाल्यांचे वेगळे त्रास, त्यावर खाली लिहितो.

बघा, एकाच शब्दाखाली सहा वेगळे आजार आहेत, आणि टाकीत ओतलेली बाटली त्यातल्या फार तर तिघांपर्यंत जाते.

बाटली घ्यायच्या आधी

हे कोणी करत नाही आणि इथेच पैसे वाया जातात. गाडी मिसिंग मारतेय म्हणजे कार्बनच असं नसतं. प्लग संपलेले असतील, कॉइल गेली असेल, एअर फिल्टर तुंबला असेल, इनटेकचा एखादा रबरी पाइप चिरून तिथून हवा ओढत असेल, या सगळ्याची लक्षणं सारखीच दिसतात. त्यामुळे आधी फिल्टर काढून उजेडात धरून बघा आणि प्लग काढा. प्लगच्या टोकाचं पांढरं चिनीमातीचं टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक चाललंय. कोरडी मऊ काळी काजळी असेल आणि बोटाला लागत असेल तर इंधन जास्त जातंय किंवा गाडी फार छोट्या अंतरावर चालते. ओलसर, तेलकट काळा असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल येतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघायला लागतील, तिथे टाकीतलं ॲडिटिव्ह फारसं काही करणार नाही. सगळे प्लग एका ओळीत मांडून बघायचे, एकच वेगळा दिसला तर रोग त्या एका सिलिंडरचा आहे.

दुसरं म्हणजे स्वस्तातला ओबीडी स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं छोटं यंत्र. फोनला ब्लूटूथने जोडता येतो, तोही चालतो. त्यात लाँग टर्म फ्युएल ट्रिम नावाचा आकडा दिसतो, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा इंधन किती टक्के वाढवून किंवा कमी करून देतोय. साधारण उणे १० ते अधिक १० च्या आत असेल तर चालतं. अधिक १५, अधिक २० असं काही दिसलं तर एकतर हवा कुठून तरी गळतेय, नाहीतर इंजेक्टर तुंबलेत, नाहीतर पंपाचं प्रेशर कमी आहे. स्कॅनरवर बिघाडाचे कोडही दिसतात: पी०३०० म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरवर न थांबणारं मिसफायर (इंधन नीट न पेटणं), पी०३०१ म्हणजे एक नंबरचा सिलिंडर, पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडतंय. हे आकडे बाटली टाकायच्या आधी लिहून ठेवा. नंतर तुलना करायला तेवढाच खरा पुरावा असतो, बाकी "गाडी स्मूथ वाटतेय" हे खर्च केलेल्या माणसाला नेहमीच वाटतं.

आणि हौस असेल तर फोनला लावायचा छोटा एंडोस्कोप कॅमेरा घ्या. प्लगच्या भोकातून आत सोडला की पिस्टनचं डोकं दिसतं. स्वच्छ पिस्टनवर धातूचा करडा रंग आणि कंपनीच्या खुणा ओळखू येतात. कार्बन असेल तर सगळीकडे काळं आणि कडेला ॲडिटिव्हशिवाय आपोआप धुतलेला एक चमकता पट्टा दिसतो, जिथे इंधनाचा किंवा हवेचा झोत रोज लागतो. कडेला ओलं तेल चमकत असेल तर परत तीच रिंगांची शंका. इंजिन पूर्ण थंड असतानाच हे करायचं, आणि भोकात काही पडणार नाही याची काळजी घ्यायची, एक छोटा नट आत गेला तर कार्बन परवडला म्हणाल.

तुमचं इंजिन कुठल्या जातीचं

पेट्रोल गाड्यांत दोन मुख्य पद्धती. जुनी म्हणजे पोर्ट इंजेक्शन, एमपीएफआय किंवा एमपीआय म्हणतात ती. इथे इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या मागे, सिलिंडरच्या बाहेर असतो आणि इंधन व्हॉल्व्हच्या पाठीवर पडून मग आत जातं. म्हणजे टाकीत जे ओतलं ते इंजेक्टर, व्हॉल्व्ह, चेंबर या तिन्ही ठिकाणांवरून जातं. टाकीतल्या ॲडिटिव्हसाठी याच्यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक नाही.

नवी पद्धत म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. जीडीआय, टीएसआय, टीएफएसआय, अशी नावं असतात. इंजेक्टरचं तोंड थेट सिलिंडरच्या आत, प्रेशर पोर्टवाल्याच्या कित्येक पट, १५० ते ३५० बारच्या घरात. ॲव्हरेज चांगलं, ताकद चांगली, पण इनटेक व्हॉल्व्हला पेट्रोलचा थेंबही लागत नाही. त्याच्या पाठीवर फक्त हवा आणि क्रँककेसमधून आलेली ऑइलची वाफ, धुणारं कोणी नाही, त्यामुळे थर वाढतच जातो. अशा गाडीत टाकीत कितीही महागाची बाटली ओता, इनटेक व्हॉल्व्ह साफ होणार नाहीत, कारण ती तिथे जातच नाही. इंजेक्टरचं तोंड आणि पिस्टनचं डोकं मात्र साफ होऊ शकतं, आणि डायरेक्ट इंजेक्टरचं तोंड आगीतच असल्याने तिथे कार्बन लवकर धरतो, म्हणून या गाड्यांनाही बाटलीचा उपयोग आहे, फक्त कशासाठी टाकतोय ते माहीत असावं. काही इंजिनांत दोन्ही इंजेक्टर असतात, टोयोटाची डी-४एस त्यातलीच, तिथे पोर्टवाला इंजेक्टर चालतो तेव्हा व्हॉल्व्ह धुतला जातो.

आणि गॅसवर चालणाऱ्या गाड्या, सीएनजी असो की एलपीजी. गॅसवर चालत असताना पेट्रोलच्या टाकीतलं ॲडिटिव्ह टाकीतच बसून राहतं. बाटली टाकायची तर ती टाकी संपेपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालवायची, नाहीतर टाकण्यात अर्थ नाही. तुमची गाडी कुठल्या जातीची ते मॅन्युअलमध्ये असतंच.

बाटलीत काय असावं

पुढच्या बाजूचं चित्र आणि "इन्स्टंट पॉवर" वगैरे सोडा, मागचं बारीक छापलेलं वाचा. पेट्रोलसाठी ज्या घटकाचं नाव शोधायचं ते पॉलीइथर अमाइन, थोडक्यात पीईए. हा कार्बनच्या थराला चिकटून तो हळूहळू सोडवतो, आणि मुख्य म्हणजे कंबश्चन चेंबरच्या तापमानातही टिकतो, आधीच जळून जात नाही. टेक्रॉन, गमआउट रेजेन, रेडलाइन एसआय-१ ही पीईएवाली ओळखीची नावं. दुसरा घटक पीआयबीए, म्हणजे पॉलीआयसोब्युटिलीन अमाइन. तो इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवायला ठीक आहे पण चेंबरच्या उष्णतेत तितका चांगला नाही, प्रमाण जास्त झालं तर उलट चेंबरमध्ये स्वतःच थोडा थर सोडतो. तिसरा गट नुसत्या सॉल्व्हंटचा, नॅफ्था, केरोसीनसारखं काहीतरी आणि थोडं अल्कोहोल. सी फोम या जवळपासच्या गटातलं, हलकं तेल, नॅफ्था आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्यांनी ताजा चिकटपणा, कार्ब्युरेटरमधला गम सुटतो, भाजलेल्या कार्बनवर पीईएइतका जोर नसतो.

बाटलीवर घटक नसतील तर कंपनीच्या साइटवर त्या मालाची सेफ्टी डेटा शीट असते, ती उघडायची. तिथे नुसतं ९०-९५ टक्के केरोसीनसारखं डिस्टिलेट दिसलं आणि बाकी काहीच नाही, तर मी ती बाटली परत ठेवतो. शीटसुद्धा मिळत नसेल तर विचारच नको.

ऑक्टेन बूस्टर हा वेगळा माल आहे, क्लीनर नाही. काही बूस्टरमध्ये फेरोसीन असतं, लोखंडाचं संयुग, त्याने प्लगवर लालसर तांबूस थर बसतो, म्हणजे साफ करायला गेलात आणि अजून एक थर चढवून आलात. तसंच ९५ किंवा ९७ ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाकलं की इंजिन धुतलं जातं असंही नाही. ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला (इंधन अवेळी पेटून होणाऱ्या टकटकीला) दाद न देण्याची ताकद, डिटर्जंट म्हणजे धुणारं केमिकल, दोन वेगळ्या गोष्टी. महागड्या पेट्रोलात कंपन्या डिटर्जंटही जास्त घालतात हे खरं, पण ते त्या त्या कंपनीचं धोरण. पेट्रोलातल्या डिटर्जंटने फरक पडतो याबद्दल मात्र शंका नको. अमेरिकेत १९९५ पासून पेट्रोलात डिटर्जंट सक्तीचा आहे, तेवढं पुरत नाही म्हणून २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी मिळून टॉप टियर नावाचं जास्त कडक मानक काढलं. २०१६ मध्ये तिथल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने तुलना करून बघितली तर ४००० मैलांइतकं इंजिन चालवल्यावर टॉप टियर नसलेल्या पेट्रोलने सरासरी १९ पट जास्त कार्बन धरला होता. म्हणजे रोजचं पेट्रोल चांगलं असेल तर बाटलीची गरजच कमी पडते.

टाकायची कशी

सोपं आहे, पण क्रम सांभाळायचा. टाकी जवळपास रिकामी झाली, पाव किंवा त्याहून कमी उरली की पंपावर जायचं. आधी बाटली ओतायची आणि मग पेट्रोल भरायचं, म्हणजे वरून पडणाऱ्या पेट्रोलने ती आपोआप नीट ढवळली जाते. किती लिटरला किती, ते लेबलवर असतं, आणि ते लेबल पाळायचं. एका बाटलीला ६० लिटरपर्यंत लिहिलंय आणि तुमची टाकी ३५ ची आहे तर हिशोब करून तेवढीच टाका, किंवा कंपनी जास्तीत जास्त किती चालेल ते सांगत असेल तर त्याच्या आत राहा. "जास्त टाकलं की जास्त साफ" हा हिशोब इथे लागू नाही, जास्तीचा पीईए पूर्ण जळत नाही, त्यातला काही रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतो आणि ऑइल खराब करतो. काही बाटल्यांचं तोंड टाकीच्या झडपेत नीट बसत नाही, त्यांच्यासोबत छोटं नरसाळं घ्या. रंगावर सांडलं तर लगेच पुसून पाणी मारायचं, नाहीतर डाग राहतो.

मग गाडी चालवायची. टाकून गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये उभी करणार असाल तर टाकूच नका. सगळ्यात चांगलं म्हणजे लांबचा प्रवास ठरलेला असताना टाकणं, इंजिन पूर्ण गरम, एका लयीत तासभर तरी चाललं पाहिजे, मधूनमधून जरा मोकळं रेस होऊ द्यायचं. म्हणजे लाल रेषेपर्यंत ताणा असं मी म्हणत नाहीये, ३००० ते ४००० च्या दरम्यान थोडा वेळ पळाली तरी पुष्कळ. मध्येच पेट्रोल भरून ॲडिटिव्ह पातळ करू नका, टाकी परत पावापर्यंत उतरू द्या, मग साधं पेट्रोल. अगदी सुक्या टाकीपर्यंतही ताणू नका, टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

वेळ कधीची निवडायची? ऑइल बदलायच्या आधीची टाकी. ॲडिटिव्हचा आणि सुटलेल्या घाणीचा काही भाग ऑइलमध्ये जातोच, तो नव्या ऑइलसोबत पुढचे हजारो किलोमीटर फिरवण्यात अर्थ नाही. टाकी संपली की ऑइल आणि फिल्टर बदलून टाका. त्या दरम्यान डिपस्टिक एकदा काढून वास घ्या, पेट्रोलचा ठसठशीत वास येत असेल किंवा पातळी वर चढली असेल तर इंधन खाली उतरतंय, तेव्हा बाटली बाजूला ठेवून आधी त्याचं कारण शोधायला पाहिजे.

जुन्या, कधीच न धुतलेल्या इंजिनात पहिल्या टाकीला थोडा जास्त धूर, एखादवेळी आयडल जरा हलणं, हे होतं. ते पुढे पुढे कमी व्हायला हवं. डॅशबोर्डवरची चेक इंजिन लाइट लुकलुकायला लागली तर मात्र ढकलत नेऊ नका. लुकलुकणारी लाइट म्हणजे जोरात मिसफायर, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो जळू शकतो आणि त्याचा खर्च सगळ्या बाटल्यांच्या वर जातो.

जिथे टाकीतलं पोचत नाही तिथे

थ्रॉटल बॉडी हे घरी करण्यासारखं काम आहे आणि बऱ्याचदा आयडलची अर्धी तक्रार इथेच मिटते. एअर फिल्टरपासून येणारा जाड पाइप सोडवला की गोल तोंड आणि त्यात पितळी किंवा ॲल्युमिनियमची चकती दिसते. चकतीच्या कडेला, जिथे ती भिंतीला टेकते, तिथे काळं तेलकट कडं जमलेलं असतं, कंदिलाच्या काचेवर काजळी धरते ना तसं. चावी बंद, शक्यतो बॅटरीची निगेटिव्ह सोडलेली. थ्रॉटल बॉडीसाठीचाच क्लीनर घ्यायचा आणि थेट आत फसाफसा न मारता कापडावर मारून त्याने पुसायचं. ब्रश किंवा घासणी नको, आतल्या भिंतीला बऱ्याच गाड्यांत कोटिंग असतं, ते निघालं की आयडल कायमचं बिघडतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती बोटाने जोरात ढकलायची नाही, आतले प्लॅस्टिकचे गिअर नाजूक असतात, आणि चावी चालू असताना तर बोट आत घालूच नका, ती अचानक फिरते. साफ केल्यावर आयडल थोडा वेळ वरखाली होऊ शकतं, कॉम्प्युटरला नवीन सवय लागायला वेळ लागतो, काही गाड्यांत ती सवय स्कॅनरने लावावी लागते.

हवा मोजणारा एमएएफ सेन्सर वेगळा, त्याचा क्लीनरही वेगळा येतो. थ्रॉटल क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर त्याच्या बारीक तारेवर मारू नका, आणि कापूस, इअरबड काहीच लावू नका.

डायरेक्ट इंजेक्शनच्या व्हॉल्व्हसाठी इनटेकमधून मारायचा स्प्रे मिळतो, डब्यासोबत बारीक नळी असते. एमएएफच्या पुढे, थ्रॉटलच्या आधी नळी घालायची, इंजिन गरम, आरपीएम साधारण २००० वर धरलेला, आणि थोडा थोडा करून स्प्रे सोडायचा. एकटं करायचं काम नाही, आत बसून ॲक्सिलरेटर धरायला दुसरा माणूस लागतो. डबा संपला की दोन-तीनदा हलकं रेस करून इंजिन बंद करायचं, तासभर तसंच मुरू द्यायचं, मग हायवेवर चांगलं दहा-पंधरा मिनिटं पळवायची. पहिल्या किलोमीटरला मागून पांढरा धूर निघाला तर दचकू नका. दोन गोष्टींची भीती मात्र खरी आहे. एक, घाईत सगळा डबा एकदम सोडला तर द्रव सिलिंडरमध्ये साचतो, आणि द्रव दाबला जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दुसरी, टर्बो असेल तर सुटलेले कडक तुकडे टर्बोच्या पात्यांवर जाऊन आपटतात, शिवाय इंटरकूलरमध्ये क्लीनर साचू शकतो. टर्बोवाल्यांनी कंपनीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघितल्याशिवाय हात लावू नये. आणि हे सगळं उघड्यावर करायचं, बंद गॅरेजमध्ये चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड माणसाला कळायच्या आत आडवा करतो. गॉगल, हातमोजे, आणि जवळपास सिगरेट नको.

तो स्प्रे नियमित मारला तर थर वाढायचा थांबतो, पण एकदा जाड कवच बसलं की स्प्रेही हरतो. तिथे अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या प्रेशरने मारतात, इनटेक मॅनिफोल्ड काढून, ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचे व्हॉल्व्ह बंद ठेवून, बाजूने व्हॅक्युमने भुगा ओढत. टरफल कार्बनपेक्षा कडक आणि धातूपेक्षा मऊ, म्हणून कार्बन निघतो आणि व्हॉल्व्हला ओरखडा येत नाही. हे गॅरेजचंच काम. हल्ली पाण्यापासून हायड्रोजन बनवून इनटेकमध्ये सोडणारी मशीनंही आलीत, अर्धा तास आयडलला चालवतात आणि "डिकार्बन झालं" म्हणतात. आयडलवर चालणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्हच्या पाठीचं कवच नुसत्या गॅसने गळून पडेल हे मला तरी पटत नाही. करायचंच असेल तर आधी आणि नंतर कॅमेऱ्याने आतलं दाखवा म्हणा, तिथेच कळेल.

डिझेलवाल्यांसाठी

पेट्रोलची बाटली डिझेलमध्ये नाही, हे आधी. डिझेलचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, कॉमन रेलचं (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीचं) प्रेशर १६०० बारच्या वरही जातं, तिथे चुकीचं सॉल्व्हंट गेलं की पंपाचा धातू घासून तो चुरा सगळ्या इंजेक्टरमध्ये पोचतो. "डिझेलमध्ये थोडं पेट्रोल किंवा रॉकेल मिसळ, साफ होतं" हा सल्ला जुन्या साध्या पंपांच्या काळातला, आजच्या गाडीला तो महागात पडेल.

डिझेलच्या क्लीनरमध्ये डिटर्जंट, वंगण वाढवणारा घटक आणि बऱ्याचदा सिटेन (डिझेल चटकन पेटण्याची क्षमता) वाढवणारं २-इथिलहेक्सिल नायट्रेट असतं. त्याने इंजेक्टर साफ होतो, सकाळची टकटक आणि काळा धूर कमी होतो. टाकायची पद्धत पेट्रोलसारखीच. डिझेल फिल्टर जुना असेल तर आधी बदला, सुटलेली घाण तिथेच अडकते आणि गाडी चढावर दम टाकते.

ईजीआर व्हॉल्व्ह टाकीतल्या बाटलीने साफ होत नाही, तो काढूनच धुवावा लागतो. डीपीएफचं थोडं वेगळं आहे, त्यातली काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात, काही ॲडिटिव्हमध्ये लोखंडाचं किंवा सेरियमचं संयुग असतं ज्याने ती कमी तापमानाला, ४५० च्या आसपास पेटते. शहरातच फिरणाऱ्या गाडीला त्याची मदत होते. पण डीपीएफमध्ये काजळीसोबत ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राखही जमते आणि राख कशानेच जळत नाही. लाखभर किलोमीटरच्या पुढच्या गाडीचा डीपीएफ राखेनेच भरलेला असेल तर तो काढून धुणं किंवा बदलणं एवढंच उरतं. आणि गाडीने रिजनरेशन (डीपीएफमधली काजळी आपोआप जाळणं) सुरू केलं असेल, आयडल वाढलंय, फॅन फिरतोय, तर घरी पोचलो म्हणून लगेच चावी फिरवू नका, ते पूर्ण होऊ द्या, निम्मा डीपीएफचा त्रास त्यातूनच सुरू होतो.

हे नको

डांबराच्या गोळ्या टाकीत टाकायचा जुना उद्योग अजून जिवंत आहे. नॅफ्थलीन थंडीत परत घट्ट होऊन फिल्टरला बसतं आणि जळताना उलट काजळीच वाढवतं. ॲसिटोन रबरी सील आणि रंग दोन्ही खातं. थिनरचंही तेच.

ऑइलमध्ये टाकायचा फ्लश हा वेगळा विषय. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला त्याची गरज नसते, आणि वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या, आत चिखल झालेल्या इंजिनात तो धोक्याचा. एकदम सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला की बेअरिंगला ऑइल मिळत नाही. त्यापेक्षा चांगलं डिटर्जंटवालं ऑइल टाकून दोन-तीन वेळा लवकर लवकर बदलणं, हळू पण बिनधोक. रिंगा जाम असतील तर प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं क्लीनर सोडून रात्रभर मुरवतात, पण मग प्लग परत लावायच्या आधी इंधन आणि स्पार्क बंद ठेवून सेल्फ मारून सगळा द्रव बाहेर उडवावाच लागतो, भोकांवर कापड धरून, चेहरा लांब ठेवून, आणि लगेच ऑइल बदलायचं. जमत नसेल तर मेकॅनिकला सांगा.

किती दिवसांनी

पोर्ट इंजेक्शन आणि चांगलं पेट्रोल असेल तर प्रत्येक टाकीला बाटली हा वेडेपणा आहे, ऑइल बदलताना एकदा, तेही प्रत्येक वेळी नसलं तरी चालतं. फक्त शहरात रांगणाऱ्या किंवा डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीला दर ऑइल बदलाच्या आधी एक ठीक आहे. वॉरंटीतल्या गाडीचं मॅन्युअल बघा, काही कंपन्या ठरावीक ॲडिटिव्हच चालतं असं लिहितात, काही कुठलंच नको म्हणतात.

दोन टाक्या नीट चालवून झाल्या की स्कॅनर परत लावा आणि आधी लिहिलेले आकडे शेजारी ठेवा. ट्रिम १६ वरून ६-७ वर आला, मिसफायर मोजणी थांबली, तर इंजेक्टर मोकळे झाले. जैसे थे असेल तर तिसरी बाटली आणू नका. इंधनाचं प्रेशर मोजून घ्या, इनटेकची गळती धूर सोडून बघायला सांगा, कॉम्प्रेशन टेस्ट करा. इंजेक्टर काढून मशीनवर धुता येतात आणि चारही मिनिटाला किती किती मिलिलिटर सोडतात ते शेजारी शेजारी नळ्यांमध्ये डोळ्यांना दिसतं, त्यात एक मागे पडत असेल तर तो एकच बदलायला लागेल.